आवाज बदललाय याचा

खल्फान पहाटे सहाला येतो धैदच्या दवाखान्यात,
मनगटावर ससाणा,
आणि खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो :
आवाज बदललाय याचा.
खातो नीट, उडतो नीट, पिसं चकचकीत,
वजन घरच्या काट्यावर तेच, नऊशे चाळीस.
फक्त आवाज.

आधी कसा होता? मी विचारते, माझ्या मोडक्या अरबीत.
तो दाढी सावरतो आणि ओरडून दाखवतो,
भरल्या बाकांसमोर, जराही न लाजता,
कॅक् कॅक् कॅक् कॅक्,
आणि डोळ्यांवर टोप्या घातलेले अकरा ससाणे
एकदम माना वळवतात.
आता?
आता तसाच, पण घशात वाळू गेल्यासारखा.

डॉक्टर इल्दिको नळी आत सोडते.
पडद्यावर श्वासनलिका, कडीमागे कडी,
ओली, गुलाबी, खाली खाली जाणारी.
माणसाचा आवाज वरच्या मजल्यावर राहतो, ती म्हणते,
पाखराचा तळघरात,
जिथं नळीला दोन फाटे फुटतात.
बुलबुल दोन्ही फाटे वेगवेगळे वाजवतो,
डावीकडचा सूर विरायच्या आत उजवीकडचा सुरू.
आणि याच्या फाट्यावर, बघ,
मोहरीएवढा पांढरा ठिपका.
बुरशी.
ताप नाही, खोकला नाही,
या दुखण्यात कधी कधी पहिला आवाजच जातो.
खल्फान पडद्याकडे बघतसुद्धा नाही.
त्याने ते कानांनी आधीच बघितलेलं असतं.

दुपारी घाफच्या झाडाखाली डबा उघडते.
सावली विरळ, भाकरी कडक.
वर बुलबुलांची बैठक.
आकाशात शिकरा आला तर एक बारीक सुई टोचावी तसा सूर,
कुठून आला ते शिकऱ्यालाही कळू नये असा.
खाली मांजर दिसलं तर उलटं :
खरखरीत, आडदांड गलका,
या रे सगळे, ही बघा, हिला घालवू.
एकच भीती नसते,
म्हणून एकच ओरडणं पुरत नाही.

मैनेने पाण्याच्या टँकरचं मागे येणं उचललंय,
टीं टीं टीं,
आमचा राखणदार दोनदा फाटक उघडून आला.
होल्याला मात्र शिकवावं लागत नाही,
तो अंड्यातून गाणं घेऊनच निघतो.
हाच होला आमच्या चिपळूणच्या परसात होता.
ताई म्हणायची, तो विचारतो, कुठं गं तू, कुठं?
मी म्हणायचे, छे, तो नुसता पाढे म्हणतो.
खल्फानला विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं?
तो हसला. होला येतो, म्हणाला.

कलब्याला खारफुटीत कावळे बघितले होते एकदा,
जहाजावर चढून आलेल्यांची पोरं-नातवंडं.
काव तोच.
मी मात्र इथं चार घशांनी बोलते :
डॉक्टरशी एक, ब्रिजेशशी हिंदीत एक,
मालकांशी ती मोडकी,
आणि एक रात्री नऊनंतर, फोनवर.

त्यात बोलण्यासारखं काही नसतं.
जेवलीस?
जेवले. तू?
पाणी आलं का?
आलं.
पाखरं दिवसभर झाडातून हेच करतात म्हणे,
दाट पानात एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा
बारीक टिचकी वाजवायची, मी इथं,
आणि पलीकडून टिचकी यायची वाट बघायची.
आली की किडे शोधायला मोकळे.

सहा आठवडे औषधाची वाफ दिली ससाण्याला,
पेटीत, सकाळ-संध्याकाळ.
खल्फान रोज पेटीबाहेर बसून ऐकायचा.
आज घेऊन गेला. पूर्वीचा आवाज आला का?
त्याने तळहात हलवला, तसा नाही, असा.
ओळखेन मी, म्हणाला.

रात्री ताई म्हणाली, काय गं, आवाज कसला येतोय?
रेंज नाही, म्हटलं.
पलीकडे ती गप्प राहिली.
मग म्हणाली, परत बोल बघू.